बटण दाबल्यावर आकडा बोलायचा

हार्मेन कोस्टरच्या अंगणात साठ झाऱ्या येऊन पडल्या, त्याला कारण एवढंच की तो लॅपटॉपशी बोलला आणि लॅपटॉपनं ऐकलं नाही.

आता हार्मेन काही खुळा माणूस नाही. अडतीस वर्षं त्यानं नोर्डमेरच्या फुलबाजारात घाऊक खरेदी केली. तिथला लिलाव आपला उलटा. समोर भिंतीएवढं घड्याळ, त्याचा काटा चढ्या भावावरून सरसर खाली येणार, आणि जो पहिला बटण दाबेल त्याचा माल. घाई केली तर महाग पडतं, थांबलं तर दुसरा उचलून नेतो. भाव एका फुलाचा. बटण दाबलं की समोरच्या माइकमध्ये आकडा बोलायचा: ‘दोन क्रेट’, ‘पाच क्रेट’. तेवढेच आपले, उरलेले पुढच्याला. अडतीस वर्षं रोज सकाळी हेच केल्यावर ते माणसाच्या अंगठ्यात आणि जिभेत मुरतं, आणि निवृत्त होताना अंगठा आणि जीभ कुणी ऑफिसात जमा करून घेत नाही.

पण झाऱ्या नंतर. मूळ भानगड बाकाची होती.

बाजारात हार्मेनची जागा एकेचाळीस नंबर. बेचाळीसवर सीम. दोघांचा बाक एक, माइक एक, आणि भांडण रोजचं. सीमचा अंगठा उतावळा. घड्याळ सुरू होतंय न होतंय तोच हा दाबणार. हार्मेन थांबणारा. ‘अरे, अजून अर्धा सेंट खाली येऊ दे,’ म्हणत हार्मेन बसायचा, आणि चांगले गुलाब सीम घेऊन जायचा. मग सीमनं माइकमधून हसत म्हणायचं, ‘उशीर झाला बरं का!’ आणि सबंध हॉलनं हसायचं. अडतीस वर्षं.

सीम आता गावातल्या वृद्धनिवासात आहे. बायको गेली, मुलगी न्यूझीलंडला, आणि आठवण हळूहळू सुटत चाललेली. हार्मेन रोज जातो. गेले अकरा महिने सीम त्याला विचारतो, “अहो, तुम्ही कोणाकडे आलात?” हार्मेन सांगतो, “तुमच्याकडेच.” पहिल्यांदा हे ऐकलं त्या दिवशी तो घरी येऊन न जेवता झोपला होता. पुढे सवय झाली, असं तो म्हणतो.

खरी अडचण निराळीच होती. रोज पहाटे साडेपाचला सीम कोट चढवून दाराशी जायचा. बाजार सुरू होणार ना! दोनदा बसच्या थांब्यावर सापडला, एकदा बांधावर, सपाता घालून. तिथल्या मुख्य परिचारिका मेरेलबाई चांगल्या, पण त्यांचेही हात बांधलेले. त्या हार्मेनला म्हणाल्या, “महिनाभर बघते. पण हे असंच चालू राहिलं, तर मला त्यांना कुलपाच्या विभागात पाठवावं लागेल. आणि तो विभाग आमच्याकडे नाही. इथून चाळीस किलोमीटर लांब आहे.”

“आणि भेटायला कोण जाणार?”

“तुम्ही. जमेल तेव्हा.” मग म्हणाल्या, “कधीकधी एखादी स्वतःची वस्तू मिळाली की माणूस ठरतो. वरच्या मजल्यावरच्या आजींना त्यांचं शिवणाचं यंत्र आणून दिलं, तर भटकणं बंद झालं.”

हार्मेन घरी आला तो डोक्यात बाक घेऊनच. जुना हॉल मोडायला काढला होता. आताचे खरेदीदार घरात बसून पडद्यावर फुलं घेतात, बाकाची गरज कुणाला? सगळं सामान इंटरनेटवर लिलावाला लागलेलं. आणि त्यात, हार्मेननं चष्मा पुसून तीनदा वाचलं: लॉट क्रमांक दोनशे बारा, दोन आसनी बाक, बटणं आणि माइकसह, आसन एकेचाळीस-बेचाळीस.

“घेतो,” हार्मेन म्हणाला.

“इंटरनेटवरून तू आजवर काय घेतलंयस?” त्याची बायको योके म्हणाली. “बेपला विचार.”

“अडतीस वर्षं मी लिलावात…”

“फुलं घेतलीस. बेपला विचार.”

शेजारच्या बेपनं आपलं घर लिलावांत जिंकलेल्या वस्तूंनी इतकं भरलंय की तिला पाहुणा आला की उभं राहून बोलावं लागतं. तीन अकॉर्डियन आहेत. वाजवायला एकही येत नाही. “पण मिळाली काय भावात, ते विचार ना!” असं ती म्हणते, आणि विचारलं की तासभर सुटका नाही. ती हातातलं भांडं तसंच घेऊन धावत आली.

“हे बघ हार्मेन. एक, त्या वस्तूसमोर जो बदाम असतो ना, तो दाबायचा नाही. किती जणांनी दाबला ते सगळ्यांना दिसतं. आपलं प्रेम आहे हे लिलावात कुणाला कळू द्यायचं नाही. दोन, शंभर कधी म्हणायचं नाही, एकशे एक म्हणायचं. समोरचा शंभरावर थांबतो, आपण एका युरोनं मारतो. आणि तीन, शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत गप्प. दगड होऊन बसायचं. मग ठो!”

एवढ्यात समोरचे लोडेवाइक आले. निवृत्त गणित शिक्षक. कुणी बोलावलं नव्हतं, पण बेपला धावताना पाहिलं म्हणून आले. “साफ चूक,” ते बसायच्या आधीच म्हणाले. “आपल्याला जास्तीत जास्त किती परवडतं तो आकडा आधीच ठरवायचा, एकदाच टाकायचा, आणि फिरायला निघून जायचं. यंत्र आपल्या वतीनं थोडं थोडं चढत राहतं. यात भावना आणायची नाही.”

“म्हणून तुमच्या घरात काही नाही,” बेप म्हणाली.

“माझ्या घरात जागा आहे,” लोडेवाइक म्हणाले.

यावर दोघांचं जुंपलं. शेवटी योकेनं तोडगा काढला, की हार्मेननं आधी एखाद्या बारीकशा वस्तूवर हात बसवावा. तिला नाहीतरी एक झारी हवी होती. एक रोपवाटिका बंद पडत होती, तिथली जस्ताची झारी बेपच्या नेहमीच्या साइटवर लिलावाला होती. भाव, एक युरो.

हार्मेन खुर्ची पुढे ओढून बसला. अंगठा सैल केला. पडद्यावर एकाचे दोन झाले, दोनाचे तीन.

“अगं, हे वर चाललंय!”

“वरच जाणार. लिलाव आहे तो,” बेप म्हणाली.

“लिलाव खाली येतो.”

“तुमच्याकडे. सगळं जग वर जातं.”

एवढ्या साध्या गोष्टीनं माणसाचा अपमान कसा होतो, ते अडतीस वर्षं एका जागी बसल्याशिवाय कळायचं नाही. हार्मेन दगड होऊन बसला. शेवटचे दहा सेकंद उरले. नऊ, आठ… सेकंदही मेले खालीच येतात, तेवढाच त्याला धीर आला. चारावर त्यानं चार युरोची बोली दाबली. ठो! मग सवयीनं पुढे झुकला आणि पडद्याला तोंड लावून खणखणीत म्हणाला, “एक.”

“कोणाशी बोललास?” योकेनं विचारलं.

“कोणाशी नाही,” हार्मेन म्हणाला. कान मात्र लाल झाले होते.

पडद्यावर अभिनंदन आलं. खाली बारीक अक्षरांत होतं: भाव दर नगी, नग साठ. वर अडत, अडतीवर कर. माल गुरुवारी दहा ते अकरा या वेळेतच न्यावा, ठिकाण जर्मनीच्या हद्दीलगत, उचलायला माणूस मिळणार नाही.

“दर नगी!” बेप कपाळाला हात लावून म्हणाली. “हे तर बघायला हवं होतं! तू तर फुलवाला!”

यात सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की ती बरोबर होती.

गुरुवारची कथा सांगण्यासारखी नाही, तरी थोडी सांगावी लागेल. लोडेवाइकनी ट्रेलर दिला, पण ट्रेलरच्या मागे ओढणाऱ्या गाडीच्याच नंबराची पांढरी पाटी लागते. पाटीच्या दुकानात गाडीचं कार्ड मागितलं. कार्ड योकेच्या पर्समध्ये, योके पोहायला. पाटी मिळेपर्यंत आठ वाजले, आणि हार्मेन त्या गावी पोचला तो अकराला चार मिनिटं कमी असताना. चार मिनिटांत साठ झाऱ्या उचलणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाबद्दल कुणी काही म्हणो, हार्मेनला स्वतःचं कौतुक वाटलं. कंबरेला वाटलं नाही.

झाऱ्या अंगणात रचल्या. पुढल्या आठवड्यात नगरपालिकेचं पत्र आलं, की घरासमोर विक्रीसाठी माल मांडायला परवाना लागतो. हार्मेननं सविनय कळवलं, की झाऱ्या विकायच्या नाहीत. उत्तर आलं, की विकायच्या नसतील तर तो मोठा कचरा धरला जाईल आणि तो उचलून न्यायला आधी वेळ ठरवून घ्यावी लागेल. तेव्हापासून योकेनं नियमच केला: घरी येईल त्यानं जाताना झारी न्यायची. वाढदिवस असो, आजारपण असो, झारी. पोस्टमन पत्रं दुरूनच टाकू लागला. सतरा गेल्या, त्रेचाळीस उरल्या.

मग मंगळवार आला. बाकाचा लिलाव संध्याकाळी साडेसातला संपणार होता. योकेनं कॉफी केली, प्रत्येकाला एकेक बिस्किट दिलं आणि डबा बंद केला. हार्मेनच्या डावीकडे बेप, उजवीकडे लोडेवाइक. योकेनं बजावलं, “अडीचशे. कॅरव्हॅनच्या टायरांचे आहेत ते. त्यावर एक सेंट नाही.”

“दगड,” बेप पुटपुटली.

“आकडा टाक आणि फिरायला जा,” लोडेवाइक पुटपुटले.

शेवटचे दहा सेकंद. भाव एकशे चाळीस. हार्मेननं एकशे एक्कावन्न दाबले, आणि या खेपेला जीभ दातांत धरली. दोन सेकंद. एक सेकंद. बेपनं टाळीसाठी हात उचलले. आणि घड्याळ मागे गेलं. सरळ दोन मिनिटांवर!

“चोर!” हार्मेन उभाच राहिला. “घड्याळ मागे? अरे, अडतीस वर्षांत मी घड्याळ मागे गेलेलं पाहिलं नाही!”

लोडेवाइकनी नियम उघडून वाचला. शेवटच्या दोन मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ पुन्हा दोन मिनिटं वाढणार, ज्याला हवं त्याला विचार करायला सवड मिळावी म्हणून. बेप म्हणाली, तिच्या साइटवर असलं काही नसतं, हे लोक अडाणी दिसतात.

एकशे साठ आले. ‘बोलीदार सात’ असं कुणीतरी होतं. हार्मेननं एकशे एकाहत्तर केले. त्यानं एकशे ऐंशी. दोन मिनिटं, पुन्हा दोन मिनिटं. आठ वाजत आले, कॉफी दुसऱ्यांदा झाली, डबाही दुसऱ्यांदा उघडला, यावरून प्रसंग काय होता ते समजावं. दोनशे पन्नासला हार्मेननं हात मागे घेतला आणि बायकोकडे पाहिलं.

योके पडद्याकडेच बघत होती. “टाक,” ती म्हणाली. “सीमसाठी आहे. टाक.”

दोनशे एक्क्याण्णव. तीनशे. तीनशे एक. तीनशे दहा, बोलीदार सात. योके पुन्हा म्हणाली, “टाक रे.” हार्मेनचा अंगठा बटणावर होता. आणि तो थांबला. का थांबला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. वाटलं, आता हा भाव खाली येईल. थोडं थांबावं. अडतीस वर्षांची खोड. सेकंद खाली आले, शून्यावर टेकले, आणि या वेळी घड्याळ मागे गेलं नाही.

योकेनं कप गोळा केले. लोडेवाइकनी लॅपटॉप मिटला. बेप जाताना आपण होऊन झारी घेऊन गेली, दुसरी.

गुरुवारी सीम पुन्हा बाहेर गेला. कालव्याच्या पुलावर सापडला. मेरेलबाईंनी फोन केला, “सोमवारी मला त्यांना हलवण्याच्या कागदावर सही करावी लागेल, हार्मेन. मला माफ करा.” हार्मेन फोन ठेवून खूप वेळ अंगणात झाऱ्यांमध्ये उभा राहिला आणि स्वतःच्या अंगठ्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

शनिवारी हॉलमधून सामान उचलायचं होतं. हार्मेननं ठरवलं, जाऊन त्या सातव्याचे पाय धरायचे. वाटेत सीमला बरोबर घेतलं. म्हटलं, कुठे गेलाच तर निदान एकदा जिथं जायचंय तिथं तरी पोचू दे. ट्रेलरही जोडून घेतला, बाक मिळालाच तर असावा म्हणून. योकेनं त्यात उरलेल्या सगळ्या झाऱ्या भरल्या. “बाक आण नाहीतर नको आणू,” ती म्हणाली, “या परत आणायच्या नाहीत.”

बोलीदार सात म्हणजे टाइमेन नावाचा पंचविशीचा दाढीवाला निघाला. शहरात कॉफीचं दुकान काढत होता. त्याच्या हातात करवत होती. बाक त्याच्या भिंतीला लांब होत होता, म्हणून मधोमध कापायचा होता. हार्मेन धावला, “थांब, बाबा, थांब!” आणि सगळं सांगायला तोंड उघडतो, तोच टाइमेन म्हणाला, “काका, ते बघा.”

सीम बेचाळीस नंबरवर जाऊन बसला होता. कुणी दाखवलं नव्हतं. पाठ ताठ, अंगठा बटणावर, डोळे समोरच्या बंद घड्याळावर. अकरा महिन्यांत हार्मेननं त्याला एवढं स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं.

हार्मेननं थोडक्यात हकिकत सांगितली. टाइमेननं करवत खाली ठेवली. “एक जागा देतो की तुम्हाला,” तो म्हणाला. “दुसरी मला पुरे. पण मीही भाडं भरतोय, फुकट नाही परवडत. किती देता?”

हार्मेन एकेचाळीसवर बसला. बसताक्षणी त्याच्या अंगात जुना हार्मेन आला. “या हॉलमध्ये बोली वर जात नाही, पोरा. तू चढा भाव सांग आणि खाली येत जा. मी ‘माझं’ म्हटलं की सौदा पक्का.”

टाइमेनला गंमत वाटली. तो घड्याळाखाली जाऊन उभा राहिला. “चारशे!”

हार्मेननं मनात हिशेब केला. पोराला दोन्ही जागा अडत धरून पावणेचारशेच्या आसपास पडल्या असणार. म्हणजे एकीचे दोनशेपर्यंत खाली यायला हरकत नाही. दगड. आज बेपला दाखवतोच.

“तीनशे नव्वद… तीनशे ऐंशी… तीनशे सत्तर…”

या पोराला अजून किती खाली न्यायचंय, या विचारानं हार्मेनला हसू फुटत होतं.

“तीनशे साठ…”

टक्! मेलेलं बटण वाजलं. “माझं!” सीम ओरडला.

हॉलमध्ये सामान उचलणारे चार जण वळून बघायला लागले. हार्मेन धडपडत उठला. “अरे, नाही, हे… त्यांना तसं…” तो चाचरला. सीमचं लक्षच नव्हतं. तो मुरलेल्या माणसासारखा पुढे झुकला, माइकला तोंड लावलं आणि आकडा बोलला.

“दोन.”

मग हार्मेनकडे वळला. “एक माझी, एक तुझी. तू काय, थांबतच बसणार. उशीर झाला बरं का, हार्मेन!”

हार्मेन. तू. अकरा महिन्यांनी.

एकाहत्तर वर्षांचा माणूस भर हॉलमध्ये रडला, हे लपवण्यात अर्थ नाही. टाइमेन जवळ आला, घुटमळला. “काका, हे काही धरायचं नाही. त्यांना कुठे…”

“धरायचं!” हार्मेन नाक पुसत गरजला. “या हॉलमध्ये बटण दाबल्यावर कुणी माघार घेतलेली नाही. तीनशे साठ. दर नगी. दोन नग.”

खिशात तीनशे होते. त्यानं योकेला फोन लावला. सातशे वीसचा आकडा सांगितला, आणि सीम काय म्हणाला तेही. ती म्हणाली, “तो काय म्हणाला तुला? परत सांग.” हार्मेननं परत सांगितलं. “टायर अजून बरे आहेत,” योके म्हणाली. “यंदा नाही गेलो कुठे, तर काय बिघडतं?”

टाइमेन तोवर ट्रेलरपाशी गेला होता. “काका, या झाऱ्या कशा दिल्यात? दुकानात टांगल्या, झाडं लावली, तर…”

हार्मेननं डोळे पुसले आणि एकदम ताठ झाला. “वरून येतो. दहा! नऊ! आठ…”

“माझं!” टाइमेन म्हणाला. हाही सीमच्याच पंथातला.

“किती?”

“सगळ्या.”

बेचाळीस झाऱ्या. बराचसा हिशेब तिथंच मिटला.

सोमवारी मेरेलबाईंनी सही पुढच्या आठवड्यावर ढकलली, आणि नंतर तो कागद काढलाच नाही. बाक आता दिवाणखान्याच्या खिडकीशी आहे. आगीच्या नियमांत लाकडी बाक बसत नव्हता, तर लोडेवाइकनी चार पानी अर्ज लिहिला. तो वाचण्यापेक्षा परवानगी देणं अधिकाऱ्याला सोपं वाटलं असावं. सीम पहाटे साडेपाचला कोट चढवतो आणि बेचाळीसवर जाऊन बसतो. दाराकडे जात नाही.

नऊ वाजता हार्मेन येतो आणि एकेचाळीसवर बसतो. त्या शनिवारनंतर सीमनं त्याला पुन्हा नावानं हाक मारलेली नाही. पुन्हा ‘अहो, तुम्ही’ सुरू झालं. हार्मेनला वाटलं होतं, आता आठवण परत येईल. आली नाही. दहाला मेरेलबाई बिस्किटांचा डबा घेऊन येतात आणि खिडकीशी उभं राहून मोजायला लागतात, “दहा, नऊ…”

टक्! “माझं!” सीम म्हणतो, आणि माइकमध्ये आकडा बोलतो, “दोन.” मग दोनातलं एक बिस्किट तो शेजारच्या अनोळखी गृहस्थापुढे सरकवतो.

“घ्या हो,” तो म्हणतो. “तुम्ही थांबतच बसाल.”